वीस भिक्षूंची वस्त्रे आणि दोन हजार कार्षापण

(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात जी लेणी कोरलेली आहेत त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी कोरलेली आहेत, आणि ती कोणी कोरवली, कोणत्या पैशातून कोरवली, हे त्यांच्या भिंतींवरच लिहून ठेवलेले आहे. यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख म्हणजे, एका अर्थाने, महाराष्ट्रातील ठेवपावतीच होय.

उषवदाताने लेणे दान केले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. त्यांतले दोन हजार कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे शेकडा एक या दराने आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही. व्याज तेवढे उपभोगायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, आणि दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून 'कुशणमूल' नावाचा किरकोळ खर्च भागावा, अशी व्यवस्था लेखात आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असेही त्यात नमूद आहे. (कोलिक या शब्दावरून कोणी कोळी समाजाकडे जाऊ नये. येथे अर्थ विणकर असाच आहे.)

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. बारा महिन्यांचे झाले दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब कवडीपर्यंत जुळतो, आणि तो जुळतो यावरूनच हे व्याज मासिक होते याची खात्री पटते. म्हणजे दरसाल शेकडा बारा. दुसऱ्या श्रेणीचा दर दरसाल शेकडा नऊ; हजारावर वर्षाकाठी नव्वद. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाने केलेला हा गुणाकार आज आपल्याला तपासता येतो. प्राचीन धर्मसंस्थांच्या अभ्यासात अशी निःसंदिग्ध जागा क्वचितच सापडते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथून पुढे प्रश्न पडू लागतात. एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणी एकाच ठेवीदाराला वेगवेगळे व्याज का देतात? एकीची पत अधिक होती, म्हणून ती कमी दराने पैसा मिळवू शकत होती काय? की दुसरीला भांडवलाची गरजच कमी होती? विणकर हे व्याज कोठून देत होते? कापड विकून झालेल्या नफ्यातूनच ते देत असणार, कारण दुसरा मार्ग त्यांच्याजवळ नव्हता. मग शेकडा बारा व्याज कायमचे देऊनही जो धंदा चालतो त्या धंद्याचा नफा केवढा असेल, आणि माल कोठे जात असेल? दान घेणारा संघ, दान देणारा राजजामात आणि मध्ये राबणारी मागावरची माणसे, असा हा त्रिकोण आहे. धर्माचा इतिहास म्हणून ज्या लेखाकडे पाहिले जाते तो श्रमाचा, पतपुरवठ्याचा आणि बाजाराचाही इतिहास आहे.

शेजारी दुसरा एक पुरावा ठेवला म्हणजे चित्र अधिक उठावदार होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे नियम आहेत. तारण असल्यास महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे दरसाल शेकडा पंधरा, हा वसिष्ठाचा दर तेथे सांगितला आहे; आणि पुढे लगेच वर्णाच्या क्रमाने महिन्याला शेकडा दोन, तीन, चार आणि पाच घ्यावेत अशी मुभा दिली आहे. ब्राह्मण ऋणकोला दरसाल चोवीस, शूद्राला साठ! जातीनुसार व्याजाचा दर चढत जातो याहून विषमतेचे उघड कोष्टक शोधूनही सापडणार नाही. कौटिलीय अर्थशास्त्राचा रोख वेगळा आहे. तेथे महिन्याला शेकडा सव्वा हा धर्म्य दर, व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. येथे दर चढतो तो जोखमीच्या प्रमाणात. वर्णाचा तेथे उल्लेख नाही. एकाच संस्कृत परंपरेतील दोन ग्रंथ एकाच प्रश्नाला अशी दोन उत्तरे देतात, आणि नाशिकच्या भिंतीवरचा लेख तिसरे उत्तर देतो. तिसरे उत्तर वजनदार, कारण शास्त्रग्रंथ काय व्हावे ते सांगतात, लेख काय झाले ते सांगतो. अर्थात येथेही घाई करू नये. राजाच्या जावयाची ठेव आणि एखाद्या कुणब्याने पेरणीसाठी काढलेले कर्ज यांचा दर सारखा असेल असे कोणता सावकार म्हणेल? नाशिकच्या लेखाने मनूचा दर खोटा ठरत नाही. तो कोणाला लागू होत होता हा प्रश्न मात्र उभा राहतो.

दान देणारे केवळ राजघराण्यातले नव्हते, ही या लेण्यांची दुसरी मोठी साक्ष आहे. नाशिकलाच मुगुदास नावाच्या एका मच्छीमाराने सहपरिवार लेणे दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट येथील एका सुताराचे आणि एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, नाव आहे. त्याच चैत्याच्या खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवनांची नावे आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी येतात. आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीत विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने नाशिकच्या विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या. त्या ज्या श्रेणींकडे ठेवल्या त्यांत तेल गाळणारे होते आणि पाण्याची यंत्रे करणारेही होते. यंत्रकारांची संघटना ठेवी घेते आणि तिचे व्याज रुग्णांच्या औषधाला जाते, ही गोष्ट कोणत्याही पुराणात नाही. ती दगडावर आहे, आणि ती एका स्त्रीच्या नावावर आहे.

ज्यांना प्राचीन काळ हा दोन धर्मांच्या सरळ झुंजीचा काळ वाटतो त्यांनी तर ही लेणी अवश्य वाचावीत. हाच उषवदात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचे, देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे आणि दरवर्षी लक्षभोजन घातल्याचे अभिमानाने कोरवतो. बौद्ध भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने जे शेत दिले ते त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतले होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या सुमारे तेरा हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यांतील दोनतृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. सत्तांतराचा याहून ठळक पुरावा तो कोणता? या गौतमीपुत्राला त्याच्या आईच्या लेखात ब्राह्मणांचा एकमेव कैवारी अशा अर्थाचे विशेषण लावलेले आहे. आणि तो लेखही बौद्ध लेण्याच्या दर्शनी भिंतीवर, त्या लेण्याच्या दानाच्या निमित्ताने कोरलेला आहे!

गौतमीपुत्राच्याच दोन आज्ञा तेथे आहेत, आणि अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाला त्या राजप्रशस्तीहून मोलाच्या वाटाव्यात. राज्यवर्ष अठरामधील आज्ञेने उषवदाताच्या भोगवट्यातील दोनशे निवर्तने जमीन भिक्षूंना दिली गेली. सहा वर्षांनंतरची आज्ञा सांगते की कखडी गावातील जे शेत भिक्षूंना दिले होते ते कसले जात नाही आणि गावातही वस्ती उरलेली नाही; सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. गाव का उठले? लढाईने, दुष्काळाने, की नव्या करांच्या ओझ्याने? आज्ञा काही बोलत नाही. परंतु कसणारा माणूस निघून गेला की दान मिळालेल्या जमिनीची किंमत शून्य होते, हे राजाच्या अमात्याला कळत होते. जमीन देणे सोपे असते, माणूस देता येत नाही. विजयाच्या प्रशस्तीत ओसाड गाव येत नाही. ते येते महसुली पत्रव्यवहारात. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने प्रशस्तीपेक्षा पत्रव्यवहारावर अधिक वेळ घालवावा.

हे सर्व वाचता येते आहे ते कोणामुळे? ही लिपी आपला समाज साफ विसरून गेला होता. विसरला म्हणून तर लेण्यांना पांडव चिकटले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्यानंतर मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांच्याकडे आलेले जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी या लेण्यांचे लेख घेतले. भगवानलाल हे विद्यापीठाची पदवी नसलेले गृहस्थ होते. डोंगर चढून, भिंतींवर कागद दाबून ठसे घेत ते देशभर फिरले. १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्याबरोबर त्यांचा पश्चिम भारतातील लेणीलेखांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी नाशिक व कार्ले येथील लेखांचे चोख संपादन केले. साहेबाने आमचा इतिहास लिहिला अशी तक्रार करणाऱ्यांनी भगवानलालांचे नाव घेतलेले फारसे ऐकू येत नाही, ही गोष्ट सहज लक्षात येण्याजोगी आहे.

परंतु लेख वाचणे ही पहिली पायरी झाली. त्यांना प्रश्न विचारणे ही दुसरी, आणि तेथे नाव घ्यावे लागते ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला, फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेला हा गणितज्ञ. संख्याशास्त्राचा एक खरा प्रश्न हाती घ्यावा म्हणून ते आहत नाण्यांकडे वळले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणून हजारो नाणी वजन करून पाहिली तर कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज गणिताने बांधता येतो. तक्षशिलेच्या साठ्यांतील नाणी त्यांनी अशी वजन केली. नाण्यांवरून राजांकडे, राजांवरून ग्रंथांकडे आणि ग्रंथ वाचायचे तर संस्कृत नीट हवे म्हणून भर्तृहरीच्या हस्तलिखितांकडे, असा त्यांचा प्रवास झाला. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ सालची आहे. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ आला आणि १९६२ साली 'मिथ अँड रिॲलिटी'. १९६६ साली, साठी गाठण्यापूर्वीच, ते गेले.

कोसंबींचे वैशिष्ट्य त्यांच्या पायांत होते. ग्रंथालयात बसून प्राचीन भारत समजत नाही, त्यासाठी गावोगाव चालावे लागते, असे त्यांचे मत होते आणि ते तसे वागले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ते दगडी सूक्ष्मास्त्रे वेचीत हिंडले. मेंढपाळांच्या वाटा आणि ग्रामदेवतांची ठाणी त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. कार्ल्याच्या चैत्याच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. यात्रेला येणाऱ्या कोळी बांधवांना चैत्याशी कर्तव्य नसते आणि चैत्य पाहायला येणाऱ्या विद्वानांना एकवीरेशी. कोसंबींनी दोहोंना एकाच प्रश्नात बसवले. ही ठिकाणे घाटवाटांच्या तोंडाशी का आहेत? बोरघाटाजवळ कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाटाच्या वर जुन्नर. थळघाटाच्या वाटेवर नाशिक. व्यापारी तांडे जेथे थांबत, माणसे जेथे पूर्वीपासून देवीला नवस बोलत, तेथेच विहार उभे राहिले. विहार हे तांड्यांचे गिऱ्हाईकही होते आणि त्यांना आधार देणारी संस्थाही. पुढे दूरचा व्यापार आटला, स्वयंपूर्ण खेड्यांची शेती पसरली आणि विहारांचा आर्थिक पाया खचला, अशी त्यांची मांडणी आहे.

ही मांडणी सगळीच्या सगळी आज टिकलेली नाही. व्यापार नेमका केव्हा व किती आटला, दख्खनमध्ये शेतीची वाढ विहारांच्या आधी झाली की बरोबर झाली, याबद्दल नंतरच्या संशोधकांनी वेगळी मते मांडली आहेत, आणि उत्खननांनी नवा पुरावा दिला आहे. त्यात कोसंबींचे काही कमी होत नाही. मुद्दा असा की त्यांची मते पुराव्याने खोडता येतात, कारण ती पुराव्यावर उभी होती. ज्या मताला कोणत्याही पुराव्याने धक्का लागत नाही त्याला संशोधन म्हणत नाहीत.

डाव्या चळवळीने तर त्यांची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी. १९४९ साली श्रीपाद अमृत डांगे यांचे प्राचीन भारतातील आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या वाटचालीवरील पुस्तक निघाले. वेदातील यज्ञसंस्थेत आदिम साम्यवाद शोधणारे ते पुस्तक चळवळीत मोठ्या आदराने वाचले गेले. कोसंबी स्वतः मार्क्सवादी. त्यांनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्या पुस्तकाचे असे निर्दय परीक्षण लिहिले की आजही वाचणाऱ्याला चटका बसावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच, की मार्क्सवाद विचार करण्याच्या कष्टाला पर्याय नाही. युरोपातील टप्पे घेऊन ते भारतीय ग्रंथांवर बसवणे म्हणजे इतिहास लिहिणे नव्हे. आपल्या बाजूच्या माणसाचे चुकलेले आपणच सांगावे, आणि तेही शत्रू हसतील या भीतीने आवाज न उतरवता, ही शिस्त तेव्हाही दुर्मीळ होती. आज ती कितपत उरली आहे ते प्रत्येकाने आपल्या पक्षात पाहावे.

ही शिस्त त्यांना घरातूनच मिळाली असावी. वडील धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात गोव्यातील घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश हिंडले, पाली शिकले. कलकत्त्यात चांगल्या पगाराची जागा असताना ती सोडून सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पन्नास रुपयांवर ते महाराष्ट्रात राहिले, कारण मराठी माणसाला बौद्ध वाङ्मय मराठीत मिळावे अशी त्यांची तळमळ होती. बुद्धचरित्र लिहिताना त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही सर्वांच्या आवडीची कथा बाजूला ठेवली. जुन्या पाली वाङ्मयात ती कथा मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते, हे त्यांनी दाखवले. आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे, शस्त्रे उगारलेली माणसे पाहून झालेल्या उद्वेगाकडे, लक्ष वेधले. पुढे डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीचे पाणीच आहे. भाविकाला हे रुचणार नाही कदाचित. परंतु पाण्यावरून भाऊबंद एकमेकांवर उठतात हे पाहून घर सोडणारा तरुण हा मराठवाड्यातल्या माणसाला तरी अधिक जवळचा वाटायला हवा.

आंबेडकरांचे नाव आले म्हणून त्यांच्या शाळेतील ती गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले आणि नाइलाजाने फारसी घ्यावे लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संस्कृत ग्रंथांत प्रवेश मिळवला, १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ लिहिला आणि तो जोतीराव फुल्यांना अर्पण केला. ज्यांच्याविषयी ग्रंथ बोलतात त्यांनाच ते वाचण्याची बंदी, ही आपल्याकडील प्राचीन विद्येची शतकानुशतकांची स्थिती होती. म्हणून फुल्यांनी अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या, आणि म्हणूनच धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील चळवळीच्या धबडग्यात पाणिनीचे व्याकरण घेऊन बसले. त्यांची सर्व अनुमाने मान्य करण्याचे कारण नाही. मूळ ग्रंथ स्वतः वाचल्याशिवाय बोलायचे नाही हा त्यांचा हट्ट मात्र अनुकरणीय होता.

आणि तरीही गेल्या दोन पिढ्यांत पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी हे क्षेत्र जवळजवळ सोडून दिले. संस्कृत म्हणजे ब्राह्मण्य, पाली म्हणजे दीक्षाभूमीपुरते, प्राकृत म्हणजे जैनांचे, अशी वाटणी करून सगळे मोकळे झाले. रिकामे शेत तणाला मिळते. आज प्राचीन भारताबद्दल सभांतून आणि मोबाईलच्या पडद्यावरून जे काही सांगितले जाते त्यात विमाने आहेत, शस्त्रक्रिया आहेत, अणूचे ज्ञान आहे. फक्त गोवर्धनचे विणकर नाहीत. त्याला उत्तर म्हणून दुसरी बाजू जे बोलते त्यातही विणकर नसतात. सर्व जुने ग्रंथ एका कारस्थानाचा भाग होते एवढेच ती सांगते. दोघांनाही भिंतीवरचा लेख वाचण्याची गरज वाटत नाही.

चिकित्सा म्हणजे अवमान नव्हे, हे तरी महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची पद्धत घालून दिली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. व्यासांचा लेखक गणपती झाल्याची कथा मूळ पाठात टिकली नाही. ती परिशिष्टात गेली. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेबाहेर गेला. ज्या पुण्यात गणेशोत्सव होतो त्याच पुण्यात हे प्रसिद्ध झाले आणि कोणी दगड उचलला नाही. तिकडे पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली सांभाळून १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहीत होते, आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाचे खंड काढीत होते. परंपरेत मुरलेली ही माणसे परंपरेची तपासणी करीत होती.

मग २००४ सालच्या ५ जानेवारीला त्याच भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. शिवाजी महाराजांवरील एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते, एवढे निमित्त. कपाटे पाडली गेली, पोथ्या आणि पुस्तके भिरकावली गेली. हल्लेखोरांच्या रागाला ब्राह्मणी इतिहासलेखनाविरुद्धच्या जुन्या आणि अनेक अंशी खऱ्या तक्रारीचे बळ होते, हेही मान्य करावे. परंतु तक्रार खरी असली तरी पोथी फाडून ती सुटत नाही. कोणाच्याही आजोबांना वाचू न दिलेली पोथी नातवाने वाचली तर तो सूड. फाडली तर ती आजोबांना पुन्हा एकदा नाकारली गेली. त्या दिवशी अनेक पुरोगाम्यांनी मौन पाळले. ते मौन अजून पुरते सुटलेले नाही.

आता नवा प्रसंग आला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच निर्णयाने पाली व प्राकृत यांनाही. पेढे वाटले गेले, फलक लागले. मराठीच्या प्राचीनतेसाठी जो पुरावा पुढे केला गेला त्यात नाणेघाटातील लेखाचा मान मोठा होता. हा लेख सातवाहन राणी नागणिकेचा. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: हजारोंनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि त्या संख्या अंकांत लिहिलेल्या आहेत. शेजारीच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. सोयीचा एखादा शब्द उचलून दर्जा मिळाला. बाकीचा लेख काय म्हणतो, त्या गाई-घोड्यांचा पैसा याच घाटातल्या जकातीतून आला काय, हे विचारायला कोणी थांबले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय महाविद्यालयांत आणला आहे. त्यात मनूचे व्याजाचे कोष्टक आणि नाशिकची ठेवपावती शेजारी शेजारी शिकवली जाणार असतील तर त्या विषयाचे स्वागतच आहे. केवळ गौरवगीते शिकवायची असतील तर तो विषय अभ्यासक्रमात कशाला हवा? त्यासाठी सभामंडप पुरेसे आहेत.

करण्याजोगी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. जुन्नर, नाशिक, लोणावळा, महाड, कऱ्हाड, वेरूळ, कान्हेरी या प्रत्येक ठिकाणी लेण्यांच्या परिसरात महाविद्यालये आहेत. तेथे एकेक प्राकृत-पालीचा अध्यापक कायम पगारावर नेमावा. तासिका तत्त्वावर नव्हे. प्रत्येक लेखाखाली नागरी अक्षरांत त्याचा पाठ आणि सोप्या मराठीत त्याचा अर्थ लावावा, म्हणजे यात्रेकरूला खांबावर स्वतःचे नाव कोरण्याआधी तेथे आधी कोणाचे आहे ते कळेल. विडी कामगार, हातमाग कामगार, मच्छीमार यांच्या संघटनांनी आपली अभ्यासशिबिरे एकदा तरी या डोंगरांवर घ्यावीत. ब्राह्मीची मुळाक्षरे चाळिसाच्या आसपास आहेत. ज्या मुलाला बाराखडी येते त्याला ती पंधरा दिवसांत येतात, आणि मुगुदासाचा लेख तर अवघ्या एका वाक्याचा आहे.